लांब नदीवरचा एक दिवस

आपण शाळेंत भूगोलाच्या पुस्तकांतून जिचें नांव ‘यांगत्से’ म्हणून पाठ केलें, त्या नदीला त्या नांवानें हांक मारणारा मनुष्य चीनमध्यें सहसा भेटत नाहीं. तें नांव नदीच्या मुखाकडील यांगचौ नगराच्या आसपासच्या प्रवाहाचें. युरोपियन व्यापारी व मिशनरी समुद्राकडून आंत शिरले, त्यांच्या कानीं जें प्रथम पडलें तेंच त्यांनीं साऱ्या नदीस चिकटविलें. चिनी लोक तिला नुसतें ‘छांग ज्यांग’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘लांब नदी’. नांव साधें खरें, पण तितकेंच सार्थ आहे. लांबी सुमारें ६,३०० किलोमीटर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या चौपटीहून अधिक. तिबेटच्या पठाराकडील तांगगुला पर्वतांत उगम पावून ती शांघायजवळ समुद्रास मिळते, आणि मध्यें एके ठिकाणीं डोंगर फोडून मैदानांत उतरते. त्या ठिकाणीं एकीपुढें एक अशा तीन घळी आहेत : च्यूतांग, वू व शीलिंग. चित्रकारांनीं आणि कवींनीं हजार-दीड हजार वर्षें ज्यांची उपासना केली व नावाड्यांनीं तितकींच वर्षें ज्यांची धास्ती घेतली, त्या ह्या घळी पाहण्यासाठीं आम्ही कांहीं मराठी मंडळी एप्रिलअखेर चोंगचिंग येथें जहाजावर चढलों. जुन्या वर्तमानपत्रांत ज्यास ‘चुंगकिंग’ लिहीत तेंच हें शहर. येथून खालीं ईचांगपर्यंत चार दिवसांचा प्रवास. त्यांतील तिसऱ्या दिवसाची ही हकीकत आहे. पहिल्या दोन दिवसांत सामान लावणें, खोल्यांची अदलाबदल आणि एकमेकांच्या मधुमेहाची चौकशी ह्यांपलीकडे सांगण्यासारखें फारसें घडलें नाहीं.

जहाज म्हणजे तरंगतें पांच मजली हॉटेलच होय. प्रत्येक खोलीस नदीकडे उघडणारा सज्जा, टेबलावर गरम पाण्याची किटली व चहाच्या पत्तीची डबी, आणि छतांत एक ध्वनिक्षेपक. हा ध्वनिक्षेपक म्हणजे जहाजावरील खरा कप्तान. तो सहा वाजतां बांसरी वाजवून उठवितो, जेवावयास बोलावितो, उजवीकडे पाहा म्हणतो, डावीकडे पाहा म्हणतो, आणि पाहून होण्यापूर्वींच व्याख्यानास चला म्हणतो. व्याख्यान चिनी औषधींवर असतें, व्याख्यानाच्या शेवटीं मलमाच्या डब्या विकावयास ठेवलेल्या असतात. आमच्यापैकीं पुण्याच्या एका गृहस्थांनीं गुडघ्यासाठीं दोन घेतल्या आणि घेतल्याबरोबर त्यांचा गुडघा थांबला असें जाहीर केलें.

त्या दिवशीं साडेसहा वाजतां वरच्या डेकवर ‘ताय-ची’चा वर्ग भरला होता. पांढऱ्या रेशमी पोषाखांतला एक तरुण शिक्षक पुढें, मागें पंधरावीस स्त्रीपुरुष. सारेजण हवेंत अदृश्य घागर धरून ती कोणास तरी सावकाश देत आहेत असें वाटे. आमच्या मंडळींतल्या काकू मात्र कठड्याशीं उभ्या राहून सूर्यास अर्घ्य देण्याजोगी जागा शोधीत होत्या. त्यांनींच आम्हांस एका वृद्ध चिनी गृहस्थाकडे बोट करून दाखविलें. हातांत कांचेचा चहाचा पेला घेऊन तो एकटाच दुसऱ्या कठड्याशीं उभा होता. धुकें दाट होतें. दिसण्यासारखें कांहींच नव्हतें. तरी तो काठाकडे असा टक लावून पाहत होता, कीं जणूं कोणी पलीकडून हांक मारील. “कोणाची तरी वाट पाहतो आहे बिचारा,” काकू म्हणाल्या. जहाज त्या वेळीं युनयांग नांवाच्या गांवावरून नुकतेंच पुढें आलें होतें.

न्याहारीनंतर बायदीचंग, म्हणजे ‘श्वेतसम्राटाची नगरी’. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत गोंगसुन शू नांवाच्या एका बंडखोर सरदारास येथील विहिरींतून पांढऱ्या वाफेचा नाग वर चढतांना दिसला म्हणे. तो त्यानें राजयोग समजला व स्वतःस ‘श्वेतसम्राट’ म्हणविलें. राज्य टिकलें नाहीं. नांव टिकलें. पूर्वी हा नदींत घुसलेला एक डोंगरी सुळका होता. धरणाचें पाणी चढल्यापासून त्याचें बेट झालें आहे, आणि जमिनीवरून त्याकडे जाण्यास छप्पर घातलेला एक लांब पूल आहे. चढण उभी. पायऱ्या शेंकडों. ज्यांस झेपत नाहीं त्यांच्यासाठीं दोन बांबूंवर खुर्ची बांधलेल्या डोल्या उभ्याच असतात. आम्हांस आपल्या सप्तशृंगीची व जेजुरीची आठवण झाली, आणि लाज वाटून आम्ही चालत गेलों.

वरील मंदिरांत मातीच्या मूर्तींचा एक देखावा आहे, तो चीनमधील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असतो. आपल्याकडे महाभारताचें जें स्थान, कांहींसें तसेंच तिकडे ‘तीन राज्यांच्या’ कथेचें आहे. शू राज्याचा राजा ल्यू बेई आपल्या मानलेल्या भावाच्या वधाचा सूड घेण्यास निघाला. सन २२२ मध्यें त्याचा दारुण पराभव झाला, आणि पुढच्या वर्षीं ह्याच ठिकाणीं त्यानें अंथरूण धरलें. मरणसमयीं त्यानें आपला प्रधान जूगे ल्यांग ह्यास बोलावून सांगितलें कीं, मुलगा लायक निघाला तर त्यास साह्य करा, न निघाला तर गादी तुम्हीच घ्या. प्रधान रडला. मुलगा लायक निघाला नाहीं, हें इतिहासांत नमूद आहे. आणि प्रधानानें गादी घेतली नाहीं, तर सन २३४ मध्यें लढाईच्या छावणींत मरेपर्यंत त्या मुलाची चाकरी केली, हेंही. मूर्तींची कलाकुसर बेताचीच आहे. परंतु एक चिनी आजोबा नातवास ती गोष्ट हलक्या आवाजांत सांगत होते आणि सांगतांना त्यांचा गळा दाटून येत होता, तें पाहिल्यावर कलाकुसरीकडे लक्ष राहिलें नाहीं.

कवींचें तर हें माहेरघरच. ली बाय हा सन ७५९ मध्यें हद्दपारीच्या शिक्षेवर जात असतां त्याला ह्याच भागांत माफीची वार्ता मिळाली. परत फिरून खालच्या प्रवाहानें एका दिवसांत केलेल्या प्रवासावर त्यानें चार चरणांची जी कविता लिहिली, ती आज चीनमधल्या लहान मुलांसही पाठ असते. दू फू हा त्याचा मित्र. गरीब, आजारी व वृद्ध होत चाललेला तो ७६६ पासून सुमारें दोन वर्षें येथें राहिला आणि तेवढ्या काळांत त्यानें चारशेंहून अधिक कविता लिहिल्या. बेटावरून समोर पाहिलें म्हणजे ह्या संख्येचें आश्चर्य वाटेनासें होतें.

समोर ख्वेइमेन, च्यूतांग घळीचें महाद्वार. दोन कडे एकमेकांसमोर असे उभे आहेत, कीं नदीनें मधून जावें कीं न जावें हें तिनें ठरवावयाचें. चीनच्या दहा युआनच्या नोटेच्या पाठीवर हेंच चित्र आहे, आणि घळ जवळ येतांच डेकवरील यच्चयावत् मंडळींनीं खिशांतून दहाची नोट काढून ती समोर धरली व तिच्यासह छायाचित्रें घेतलीं. आम्हींही घेतलें. घळ फक्त आठ किलोमीटरांची, तिघींत सर्वांत आंखूड व सर्वांत अरुंद. तिच्या तोंडाशींच पाण्यांत पूर्वी एक प्रचंड खडक होता. त्याचा माथा पाण्यावर किती दिसतो ह्यावरून नावाडी त्या दिवशीं जावें कीं नांगर टाकून बसावें हें ठरवीत, आणि अंदाज चुकला तर नौकेच्या फळ्याही सांपडत नसत. सन १९५८-५९ च्या सुमारास तो सुरुंग लावून उडविण्यांत आला. आतां तर त्या जागेवर इतकें पाणी आहे, कीं जहाज कोणाचीच परवानगी न घेतां चहाच्या पेल्यांतला चहाही न हिंदकळवितां आंत शिरलें. भीति गेली हें चांगलेंच झालें. परंतु दू फूनें ऐकलेली ती गर्जनाही गेली. आतांचें पाणी हिरवें, खोल आणि मुकें आहे. डोंगरांच्या पायथ्याशीं मात्र दोन्ही बाजूंस एक उघडा, मातकट पट्टा दिसत राहतो. हिवाळ्यांत पाणी समुद्रसपाटीपासून १७५ मीटरपर्यंत चढवितात व पुराच्या हंगामापूर्वीं १४५ पर्यंत उतरवितात. ह्या तीस मीटरांच्या चढउतारांत कोणतेंही झाड तग धरीत नाहीं, त्याचा हा वळ.

वू घळ लागली तेव्हां दुपार होत आली होती. ही चांगली ४५ किलोमीटरांची. हिच्यांतील बारा शिखरांपैकीं ‘देवकन्येचें शिखर’ प्रसिद्ध आहे. पश्चिमेच्या स्वर्गराज्ञीची कन्या याओजी हिनें महापुराशीं झुंजणाऱ्या यू राजास साह्य केलें आणि नंतर नौकांस वाट दाखविण्यासाठीं ती येथेंच शिळा होऊन उभी राहिली, अशी कथा. ध्वनिक्षेपकानें डावीकडे पाहा म्हटलें. आम्हीं पाहिलें. ढग होते. तिनें क्षणभर खांदा दाखविला व पुन्हां पदर ओढून घेतला. तेवढ्यावर समाधान मानलें.

ह्या घळींतून जात असतां आमच्यापैकीं सोलापूरच्या एका प्राध्यापकांनीं एक आठवण सांगितली, ती येथें देणें अवश्य वाटतें. सन १९३८ मध्यें जपाननें चीनवर चढाई केली असतां राष्ट्रीय सभेनें पांच डॉक्टरांचें पथक चीनला धाडलें. त्यांत दोघे महाराष्ट्रांतले : नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. हांकाऊ शहर शत्रूच्या हातीं पडण्याच्या बेतांत होतें, तेव्हां तें पथक ईचांगला व तेथून चोंगचिंगला आलें. म्हणजे ज्या वाटेनें आम्ही खालीं चाललों होतों, तिनेंच ते वर चढले होते. त्याच हिवाळ्याच्या तोंडाशीं ईचांगच्या धक्क्यावर हजारों माणसें व कारखान्यांचीं यंत्रें अडकून पडलीं होतीं. मिनशेंग कंपनीचे मालक लू झ्वोफू ह्यांनीं पाणी उतरण्यापूर्वींच्या सुमारें चाळीस दिवसांत आपल्या लहान आगबोटींच्या खेपांवर खेपा करून तीं घळींतून वर नेलीं. वरून जपानी विमानें बाँब टाकीत होतीं. कोटणीस पुढें उत्तरेस येनानला गेले. रणभूमीवरील रुग्णालयांत काम करीत असतां ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, ते वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम ह्यांनीं १९४६ मध्यें काढलेला बोलपट आपल्या वडील पिढीच्या ध्यानांत असेल. प्राध्यापक हें सांगत असतां डेकवर कोणी छायाचित्र काढीत नव्हतें.

जेवणाचा विषय टाळतां येत नाहीं, कारण आमच्या मंडळींत तो दिवसांतून तीन वेळां निघे. चिनी भाषेंत शाकाहारास ‘सू’ म्हणतात, आणि बौद्ध मठांमुळें ही कल्पना तिकडे अपरिचित नाहीं. तरी भाजीची चव डुकराच्या मांसाच्या रश्श्यानें वाढते अशी तेथील आचाऱ्यांची प्रामाणिक समजूत आहे. जहाजावरील आचारी समजूतदार निघाला. आमच्यासाठीं त्यानें निराळी कढई ठेविली. तांदळाची पेज, वाफवलेले पाव, कमळकंद, बांबूचे कोंब, काळीं अळंबीं, आणि सोयाबीनच्या दह्याचे (‘तोफू’चे) नाना प्रकार. तें सारें आरोग्यकारक होतें आणि तिसऱ्या दिवशीं त्याचा अगदीं वीट आला. तेव्हां काकूंनीं पिशवींतून मिरचीच्या लोणच्याची बरणी काढली.

योगायोगानें त्या दिवशीं आमच्या टेबलाशीं तो सकाळचा वृद्ध गृहस्थ येऊन बसला. बरोबर त्याची नात होती. चोविसेक वर्षांची, शांघायला नोकरी करणारी, इंग्रजी उत्तम बोलणारी. लोणच्याचा वास येतांच म्हाताऱ्यानें मान वर केली. काकूंनीं, विचारल्याविना, त्याच्या ताटलींत अर्धा चमचा घातला. त्यानें खाल्लें, डोळे मिटले, आणि नातीस कांहीं म्हणाला. ती हंसून म्हणाली, “आजोबा म्हणतात, पंचवीस वर्षांत असें तिखट कोणी वाढलें नाहीं.”

अशी ओळख झाली. म्हातारा युनयांग तालुक्यांतला. धरणाचें पाणी येणार म्हणून त्या तालुक्यांतलीं कित्येक कुटुंबें सन २००० पासून थेट छोंगमिंग बेटावर नेऊन वसविण्यांत आलीं. हें बेट शांघायजवळ, नदीच्या अगदीं मुखांत आहे. म्हणजे नदी तीच, पण मध्यें सुमारें दोन हजार किलोमीटरांचें अंतर. घर मिळालें, शेत मिळालें, शाळा चांगली मिळाली. पण डोंगर नाहीं. तेथील लोक स्वयंपाकांत साखर घालतात. बाजारांत म्हाताऱ्याची बोली कोणास समजेना आणि त्याला त्यांची समजेना. पहिलें वर्षभर तो भाजी बोटांनीं दाखवून विकत घेई. त्यानें अंगणांत मिरच्या लावल्या. खारट मातींत त्या धड आल्या नाहींत.

“मग गांवाचें काय झालें?” काकूंनीं विचारलें.

गांव पाण्याखालीं आहे. पहांटे जहाज त्यावरून गेलें तेव्हां तो कठड्याशीं उभा होता. जागा ओळखण्यास त्यानें एक डोंगराचा खांदा खुणेस धरला होता, पण धुक्यामुळें तो दिसला नाहीं. मग म्हातारा स्वतःशींच थोडा हंसला व म्हणाला, “आमच्या गांवासमोर झांग फेईचें देऊळ होतें. सरकारनें त्याची वीट न् वीट सोडवून तें तीस किलोमीटर वर नेऊन जसेंच्या तसें उभें केलें. देवाला तीस किलोमीटर, आम्हांला दोन हजार.” झांग फेई हा त्या ल्यू बेई राजाचाच मानलेला भाऊ. सकाळीं बायदीचंगला आम्हीं त्याची मूर्ति पाहिली होती.

काकू पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. आमच्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक होतें कीं त्यांचें माहेर कोयनेच्या पाण्याखालीं आहे. धरणाचें पाणी चढलें तेव्हां त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. त्यांनीं नातीस सांगावयास सांगितलें : “म्हणावें, आमच्या घराच्या परसांत फणस होता. वडिलांनीं निघतांना देव्हाऱ्यांतले देव फडक्यांत बांधले, आणि आई चुलीला हळदकुंकू वाहून निघाली. पुढें उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं वडील जाऊन पाहून येत. आम्हांला कधीं नेलें नाहीं.” मुलीनें तें सांगितलें. ‘चुलीला’ ह्या शब्दाशीं ती अडखळली, मग तिनें हातानें खूण केली. म्हाताऱ्यास एकदम समजलें. त्यानेंही आपल्या चुलीमागील भिंतीवर अग्निदेवतेचा कागद होता, तो निघतांना सोडवून घेतल्याचें सांगितलें. चीनमध्यें चुलीचा देव वर्षअखेर स्वर्गांत जाऊन घरच्यांविषयीं अहवाल देतो असा समज आहे.

नातीचें म्हणणें निराळें होतें आणि तेंही ऐकण्यासारखें होतें. ती म्हणाली, “आजोबांना वाईट वाटतें तें खरें. पण मी डोंगरांत जन्मलें असतें तर आज पाठीवर करंडी घेऊन संत्रीं वाहत असतें. माझ्या आईला लिहितां येत नव्हतें.” म्हाताऱ्यानें हें पूर्वींही ऐकलें असावें. त्यानें मान डोलविली, आणि लोणच्याची बरणी पुन्हां जवळ ओढली.

वाचकांस येथें धरणाचे थोडे आंकडे देणें भाग आहे. सन १९१९ मध्यें सुन यत्-सेन ह्यांनीं ही कल्पना प्रथम मांडली. १९४० नंतर अमेरिकन तज्ज्ञ येऊन पाहणी करून गेले. प्रत्यक्ष काम १९९४ मध्यें सुरू झालें, २००३ च्या जूनमध्यें पाणी १३५ मीटरपर्यंत आणि २०१० च्या ऑक्टोबरांत १७५ मीटरपर्यंत चढलें. भिंत सुमारें २,३०० मीटर लांब. मागील तलाव सहाशें किलोमीटरांहून लांब. त्यांत मावणारें पाणी आपल्या कोयनेच्या सुमारें तेरापट, आणि विजेची शक्ति २२,५०० मेगावॅट, म्हणजे कोयनेच्या अकरापटीहून अधिक. उठविलेलीं माणसें सुमारें तेरा लाख. ज्या पुरांसाठीं हें केलें ते पूरही लहान नव्हते. एकट्या १९५४ च्या पुरांत खालच्या मैदानांत तीस हजारांवर माणसें दगावलीं. दोन्ही बाजू अशा जड आहेत. एरवीं जेथें एकमतानें हात वर होतात, त्या चीनच्या राष्ट्रीय लोकसभेंत १९९२ च्या एप्रिलांत ह्या प्रश्नावर मतें घेतलीं, तेव्हां बाजूनें १,७६७, विरुद्ध १७७ आणि तटस्थ ६६४ अशीं पडलीं. सुमारें एक तृतीयांश सभासदांनीं ‘हो’ म्हटलें नाहीं. तिकडच्या रीतीस हें केवढें विलक्षण होतें तें जाणत्यांस सांगावयास नको.

दुपारीं बादोंग गांवाशीं जहाज थांबलें आणि आम्ही लहान बोटींतून शेन्नोंग ओढ्यांत शिरलों. ‘ओढा’ म्हणावयाचा, पण धरणानें त्यासही नदी करून सोडलें आहे. दोन्ही बाजूंस चुनखडीचे उभे कडे, पाणी पाचूसारखें, आणि कड्यांच्या कपारींत उंचावर लाकडी पेट्या. त्या शवपेट्या. प्राचीन काळीं येथील लोकांनीं आपल्या मृतांस इतक्या उंचीवर कसें चढविलें ह्याविषयीं तर्क अनेक आहेत.

जेथें पाणी उथळ होतें तेथें आम्हांस वाटाण्याच्या शेंगेसारख्या चिंचोळ्या होड्यांत बसविलें. हा तूज्या नांवाच्या डोंगरी लोकांचा मुलूख. सहा माणसें. एक सुकाणूशीं, बाकीचे वल्ह्यांशीं. धार आली कीं चौघे पाण्यांत उतरून बांबूच्या पट्ट्यांचा वळलेला दोर खांद्यावर घेत व वांकून ओढीत. आतां हें प्रवाशांच्या मनोरंजनासाठीं चारपांचशें पावलें करून दाखवितात. पूर्वी तें पोट भरण्याचें साधन होतें. मोठ्या नदीवर एकेका अवजड नौकेस शंभर-शंभर माणसें लागत. कड्याच्या पोटांत कोरलेल्या, ताठ उभें राहतां येऊं नये अशा वाटेवरून, ढोलाच्या तालावर, ते दोर ओढीत. ओल्या वस्त्रांनीं कातडें सोलून निघे म्हणून पुष्कळसे अंगावर कपडाच घालीत नसत. दोर घांसून घांसून खडकांत वीतवीत खोल खांचा पडल्या होत्या. इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी बाई १८९६ मध्यें ह्या घळींतून वर गेली. ह्या दोर ओढणाऱ्यांच्या कष्टांचें तिनें जें वर्णन केलें तें वाचवत नाहीं. १८९८ मध्यें आर्चिबाल्ड लिट्ल ह्यानें पहिली लहान आगबोट चोंगचिंगपर्यंत चढविली, आणि तेव्हांपासून ह्या धंद्यास उतरती कळा लागली. त्या वाटाही आतां पाण्याखालीं आहेत. त्या बुडाल्या ह्याचें दुःख करावें असें मात्र आम्हांस वाटलें नाहीं.

आमच्या होडींतला सुकाणूवाला साठीचा होता. त्यानें एक गाणें म्हटलें. एकानें सुरुवात करावयाची व इतरांनीं ‘हो’ म्हणून धरावयाचें, आपल्याकडे मोट हांकतांना किंवा जड तुळई उचलतांना म्हणत त्या जातीचें. पैशांसाठीं म्हटलेलें होतें, तरी आवाज कड्यांवरून फिरून आला तेव्हां अंगावर कांटा उभा राहिला.

साऱ्या दिवसांत एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. एवढ्या नदीवर कोठें जाळें टाकलेलें दिसलें नाहीं. चौकशी करतां कळलें कीं १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षें ह्या नदींत मासेमारीस पूर्ण बंदी आहे. बंदीस उशीर झाला हेंही खरें. आपल्या गंगेंतल्या सुसूची चिनी बहीण, पांढरी बायजी, ही खालच्या प्रवाहांत राहत असे. २००६ मध्यें सहा आठवडे शोधूनही शास्त्रज्ञांस एकही दिसली नाहीं. सोंडेसारख्या तोंडाचा प्रचंड चिनी मासा तर नामशेष झाल्याचें २०२२ मध्यें जाहीरच झालें.

संध्याकाळीं जहाजावर नोकरमंडळींचा करमणुकीचा कार्यक्रम झाला. दुपारीं जिनें आम्हांस पेज वाढली तीच मुलगी मोत्यांचा मुकुट घालून तांग राजांच्या दरबारांतली नर्तकी झाली होती, आणि तिचें नृत्य खरोखर चांगलें होतें. प्रवाशांकडूनही कांहीं हवें असा आग्रह झाला तेव्हां आमच्या भगिनींनीं फुगडी घातली. चिनी बायांना ती इतकी आवडली, कीं शेवटीं आठ जोड्या फिरत होत्या आणि कप्तानास कोणी तरी धरून आणलें.

रात्रीं दहानंतर धरण आलें. नौकांस खालीं उतरण्यास तेथें दोन वाटा आहेत. एक २०१६ पासून सुरू झालेला पाळणा. तो तीन हजार टनांपर्यंतचें जहाज पाण्याच्या हौदासकट उचलून सुमारें चाळीस मिनिटांत वर किंवा खालीं करतो. दुसरी पांच पायऱ्यांचा पाण्याचा जिना. वाटाड्या म्हणाला, “लहानांस लिफ्ट, मोठ्यांनीं जिन्यानें जावें.” आमचें जहाज मोठें, म्हणून जिना. एकेक हौद २८० मीटर लांब व ३४ मीटर रुंद. त्यांत आमच्यासह चार जहाजें शेजारीं शेजारीं येऊन बसलीं, इतकीं जवळ, कीं शेजारच्या मालनौकेवरील खलाशी दोरीवर वाळत घातलेले मोजे काढतांना दिसत होता. मागील लोखंडी दरवाजे मिटले. मग कोठलाही आवाज न होतां जहाज खालीं जाऊं लागलें. ओल्या सिमेंटच्या भिंती दोन्ही बाजूंनीं वर चढूं लागल्या, आणि दहा-बारा मिनिटांत आम्ही एका खोल विहिरींत होतों.

म्हातारा व त्याची नात कठड्याशीं होतीं. काकूही शाल घेऊन आल्या. दोघांस एकमेकांची भाषा येत नव्हती व नात त्या वेळीं दूरध्वनीवर बोलण्यांत गुंतली होती. म्हाताऱ्यानें भिंतीकडे बोट दाखविलें, मग वर, मग मागें, ज्या बाजूनें आम्ही आलों त्या बाजूस, आणि हातानें ‘इतकें, इतकें खोल’ अशी खूण केली. काकूंनीं मान हलविली. मग त्यांनीं प्राध्यापकांकडून शिकून घेतलेलें एक नांव उच्चारलें : “के दिहुआ.” डॉ. कोटणीसांस चीनमध्यें ह्या नांवानें ओळखतात. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानें तें दोनतीनदां उच्चारून दाखविलें, काकूंचा उच्चार सुधारला, आणि अंगठा वर केला. “आमच्या सोलापूरचे,” काकू मराठींतच म्हणाल्या. त्यांचें सासर सोलापूरचें.

दुसरा दरवाजा उघडावयास बराच वेळ लागला. तिसऱ्यापाशीं पुष्कळ मंडळी झोंपावयास गेली. आम्हीं घड्याळ पाहिलें तेव्हां दीड वाजला होता. चौथ्या हौदांत काकूंनीं बरणींत उरलेलें लोणचें एका कागदी पेल्यांत काढून, वर झांकण घालून, त्या मुलीच्या हातीं दिलें, आणि तेल वर राहील असें ठेव, उन्हाळ्यांतही टिकेल, असें दोनदां बजावून सांगितलें. मुलीनें तें आजोबांस चिनींत सांगितलें. पांचवा दरवाजा उघडला तेव्हां पलीकडे ईचांगकडील दिवे दिसत होते आणि जहाजाचीं यंत्रें पुन्हां सुरू झालीं.